पाळी थांबली, मग इस्ट्रोजेन येते कुठून?

प्रश्न : माझ्या आईचे वय ६१ आहे. दोन महिन्यांपूर्वी तिच्या स्तनातील कर्करोगाची गाठ काढली. रिपोर्टमध्ये ‘ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह’ (म्हणजे गाठीच्या पेशींत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या स्त्री-हार्मोनची ग्राहक प्रथिने आहेत) असे लिहिले असून डॉक्टरांनी लेट्रोझोलची गोळी पाच वर्षे रोज घ्यायला सांगितली आहे. हा कर्करोग हार्मोनवर वाढणारा आहे, असे कळल्यापासून आई स्वतःलाच दोष देते. गौरी-गणपतीत अडचण नको म्हणून ती तरुणपणी दरवर्षी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेत असे. त्यामुळे हे झाले का? आणि पाळी जाऊन ११ वर्षे झाली असताना शरीरात हार्मोन उरते तरी कुठे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आईंच्या मनातला सल आधी काढू. पाळी पुढे ढकलण्यासाठी सहसा नॉरएथिस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखे कृत्रिम संप्रेरक (हार्मोन) देतात. वर्षातून आठ-दहा दिवस घेतलेल्या अशा गोळ्यांनी स्तनाचा कर्करोग होतो, असे दाखवणारा पुरावा नाही. धोका वाढलेला दिसला, तो वर्षानुवर्षे रोज हार्मोन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये. या गोळ्यांनी काही जणींच्या रक्तात गुठळी होऊ शकते, म्हणून त्या डॉक्टरांना न विचारता औषधाच्या दुकानातून आणू नयेत, हे खरे. पण आईंच्या गाठीशी त्याचा संबंध नाही. सणासुदीला घरचे सगळे नीट पार पडावे म्हणून घेतलेल्या गोळ्यांचे ओझे त्यांनी या वयात वाहू नये, असे मला मनापासून वाटते.

आता हार्मोन नेमके काय करते ते पाहू. रक्तातून आलेले इस्ट्रोजेन स्तनातील दूधग्रंथींच्या पेशीत शिरते आणि तिथल्या ग्राहक प्रथिनाला, म्हणजे रिसेप्टरला, जाऊन चिकटते. ही जोडी डीएनएवर बसून पेशीला वाढण्याचा आणि विभागण्याचा हुकूम देते. हे रोगाचे नव्हे, निरोगी शरीराचेच काम आहे, कारण गर्भ राहिला तर दुधाची तयारी हवी म्हणून पाळीच्या प्रत्येक चक्रात या पेशी थोड्या वाढतात आणि गर्भ राहिला नाही की त्यांतल्या काही मरतात. मात्र दर विभाजनात डीएनएची संपूर्ण नक्कल करावी लागते आणि नक्कल म्हटली की कुठे तरी चूक राहतेच. बहुतेक चुका दुरुस्त होतात. एखादी चूक पेशीच्या वाढीला लगाम घालणाऱ्या जनुकातच झाली आणि तिच्यावर आणखी चुका साचत गेल्या, तर त्या बिघडलेल्या पेशीलाही इस्ट्रोजेन तोच हुकूम देत राहते. इस्ट्रोजेनच्या विघटनातून निघणारे काही पदार्थ डीएनएला थेट इजा करू शकतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. तरीही मुख्य वाट पेशीविभाजनाचीच. तण उगवायला बी दुसरीकडून येते, पण पाणी मिळाले की ते फोफावते, तसेच हे आहे.

म्हणूनच एकूण किती वर्षे हे पाणी मिळाले, याला महत्त्व येते. पाळी लवकर सुरू होणे, उशिरा जाणे, मूल न होणे किंवा पहिले मूल उशिरा होणे यांनी धोका थोडा वाढतो, तर अंगावर पाजण्याने तो कमी होतो. जगभरातील अभ्यास एकत्र करून २००२ मध्ये काढलेल्या हिशेबानुसार स्तनपानाच्या दर बारा महिन्यांमागे सुमारे ४ टक्क्यांनी. आपल्याकडे मुंबईच्या कर्करोग नोंदणीत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण बार्शीच्या ग्रामीण नोंदणीपेक्षा कितीतरी जास्त दिसत आले आहे, त्यामागे बाळंतपणाच्या बदललेल्या वयाचाही वाटा आहे. हे सांगताना शिकलेल्या, उशिरा लग्न करणाऱ्या मुलींकडे कुणी बोट दाखवू नये. ही मोठ्या समूहाची सरासरी आहे. एकट्या स्त्रीला गाठ का झाली, हे तिच्यावरून सांगता येत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नात बरेच काही दडलेले आहे. पाळी जाते तेव्हा बीजांडकोशांचे इस्ट्रोजेन जवळजवळ थांबते, पण मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी पुरुषी गटातील संप्रेरके बनवत राहतात आणि शरीरातील चरबीत असलेले अरोमॅटेज नावाचे विकर (एन्झाइम) त्यांचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. चरबी जितकी जास्त, तितके हे रूपांतर जास्त. पाळी गेल्यानंतरच्या लठ्ठपणाने स्तनाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो, त्याचे एक मोठे कारण हेच. लेट्रोझोल नेमके या अरोमॅटेजला अडवते. बीजांडकोश चालू असताना ते एकटे पुरे पडत नाही, म्हणून तरुण स्त्रियांना बहुधा रिसेप्टरची जागाच अडवून बसणारे टॅमॉक्सिफेन देतात.

रिपोर्टमधील ‘पॉझिटिव्ह’ शब्दाने घरची माणसे घाबरतात, ते मी रोज पाहतो. गाठीचा पातळ काप विशिष्ट रसायनाने रंगवला की ज्या पेशींत इस्ट्रोजेनचे रिसेप्टर असतात, त्यांची केंद्रके सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी दिसतात. नसतील तर निळसरच राहतात. तपकिरी ठिपक्यांनी भरलेली काच म्हणजे या गाठीला हार्मोन लागते आणि ते तोडता येते, अशी खूण आहे. ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीट्सन यांनी बीजांडकोश काढल्यावर स्तनाचा पसरलेला कर्करोग आक्रसल्याचे १८९६ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा ‘हार्मोन’ हा शब्दही रूढ नव्हता. तो १९०५ चा. त्यांनी शस्त्रक्रियेने साधले ते आईंना एका छोट्या गोळीने साधायचे आहे.

या गोळीने सांधे दुखतात, सकाळी बोटे आखडतात आणि हाडे विरळ होतात. अनेक जणी त्याला कंटाळून गोळी परस्पर बंद करतात, घरात सांगतही नाहीत. तसे होऊ देऊ नका. हाडांची घनता सुरुवातीलाच तपासून घ्या, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाबद्दल विचारा, रोज चालणे ठेवा आणि दुखणे फारच झाले तर गोळी बदलून देता येते, हे लक्षात असू द्या.

प्रश्न : माझे वय ५२ आहे. अंगातून वाफा येतात, रात्र-रात्र झोप नाही. हार्मोनच्या गोळ्यांनी कर्करोग होतो म्हणून भीती वाटते.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ही भीती मुख्यतः अमेरिकेतील २००२ च्या मोठ्या चाचणीनंतर पसरली. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखे कृत्रिम संप्रेरक) एकत्र घेणाऱ्या १०,००० स्त्रियांमागे वर्षाला ३८ जणींना स्तनाचा कर्करोग झाला, तर नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांमध्ये ३० जणींना. म्हणजे वाढ खरी, पण वर्षाला १०,००० मध्ये आठ. गर्भाशय असताना एकटे इस्ट्रोजेन देत नाहीत, कारण त्याने अस्तराचा कर्करोग होऊ शकतो. तुम्हाला किंवा घरात कुणाला स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा आजार झाला असेल, तर ते स्त्रीरोगतज्ज्ञांना आधी सांगा. तसे काही नसेल आणि त्रास असह्य असेल, तर गरजेपुरत्या मात्रेत, दरवर्षी आढावा घेत या गोळ्या घेता येतात.

प्रश्न : वय ३८. पांढरे जाते म्हणून दाखवले, तर ‘गर्भपिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ असे सांगितले. काय करावे?
— एक वाचक, बीड

उत्तर : केवळ एवढ्यावरून शस्त्रक्रियेला होकार देऊ नका. पांढरे जाण्याचे कारण बहुतेक वेळा औषधाने बरा होणारा जंतुसंसर्ग असतो. कर्करोगाची शंका असेल, तर गर्भाशयमुखाची तपासणी करून ती आधी दूर करता येते. तुमच्याच जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या अशा शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी करावी लागली होती. पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले, तर ३८ व्या वर्षी इस्ट्रोजेन एकदम तुटते आणि हाडांना व हृदयाला त्याची झळ बसते. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दुसरे मत घ्या. आधीचे सगळे कागद बरोबर न्या आणि ‘नेमका कोणता आजार आहे, तो कोणत्या तपासणीत दिसला आणि बीजांडकोशही काढणार आहात का’ हे तिन्ही प्रश्न विचारा.