टायपिंगच्या दुकानातला जुना संगणक फॉरमॅट करून घ्यावा का?

निपाणीत आपले झेरॉक्स व टायपिंगचे दुकान आहे, चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा संगणक सुरू व्हायलाच फार वेळ घेतो, आणि दुरुस्ती करणारा 'फॉरमॅट मारून नवे विंडोज टाकून देतो' म्हणतो. ते करावे का आणि त्यात काय काय जाईल, असा आपला प्रश्न आहे. विंडोज नव्याने जरूर टाकावे, पण आहे ती डिस्क पुसू नये, असे माझे मत आहे.

संगणकाच्या कोणत्या भागावर किती भार आहे ते दाखविणारा विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून पाहा. काही काम चालू नसतानाही डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांना टेकलेला दिसत असेल, तर बहुतेक दोष त्या फिरत्या तबकडीच्या डिस्कचा आहे, आणि तिच्यावरच विंडोज पुन्हा टाकले तर थोडे दिवस बरे वाटून गाडी मूळ पदावर येईल. त्याऐवजी २५६ जीबीची साटा एसएसडी, म्हणजे जुन्या डिस्कच्याच प्रकारच्या केबलीला जोडता येणारी, फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क घेऊन विंडोज तिच्यावर टाकावे. वेग तर वाढतोच, शिवाय जुनी डिस्क जशीच्या तशी हाताशी राहते, आणि आपल्यासारख्या दुकानात हीच गोष्ट महत्त्वाची आहे.

आपल्या भागातल्या टायपिंगच्या दुकानात लग्नपत्रिका मराठीत आणि तहसीलदार कचेरीचे अर्ज कन्नडमध्ये, असे दोन्ही एकाच संगणकावर होते. श्रीलिपी किंवा कन्नडसाठीचे नुडी या टायपिंगच्या प्रोग्रॅमांच्या जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमधल्या फाइलींमध्ये खरे तर देवनागरी किंवा कन्नड अक्षरे नसतातच. असतात ती रोमन अक्षरे व चिन्हे, आणि फॉन्ट त्यांना आपल्या लिपीचे रूप देतो. त्यामुळे फाइल पेन ड्राइव्हवर सुखरूप असली तरी फॉन्ट गेला की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी कंस, टक्क्याची चिन्हे आणि निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. विंडोज रीसेट करताना 'कीप माय फाइल्स' हा पर्याय निवडल्यानेही हे टळत नाही, कारण त्यात आपल्या फाइली राहतात आणि बाहेरून बसविलेले प्रोग्रॅम जातात. म्हणून सी ड्राइव्हवरील विंडोजच्या फोल्डरातला फॉन्ट्स हा फोल्डर आधी वेगळा उतरवून घ्या, श्रीलिपीची मूळ सीडी व डोंगल (प्रोग्रॅम चालण्यासाठी संगणकाला जोडायची परवान्याची कळ) शोधून ठेवा, आणि डेस्कटॉपवर साठलेल्या फाइलींसह सर्वांची दुसरी प्रत करा.

पुढचे काम तसे सोपे आहे. किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोज १० त्यावर घ्यावे. पेन ड्राइव्हवरचे आधीचे सर्व पुसले जाते, हे लक्षात असू द्यावे. एसएसडी जोडताना जुन्या डिस्कची केबल काढूनच ठेवावी, नाहीतर सेटअप सुरुवातीच्या फाइली कधी कधी तिच्यावर टाकते आणि पुढे ती डिस्क काढली की संगणक सुरूच होत नाही. यूपीएस नसेल तर वीज जाण्याच्या वेळा टाळून हे काम हाती घ्यावे. सेटअपने प्रॉडक्ट की मागितली की ती नसल्याचा पर्याय घेऊन, होम किंवा प्रो यांपैकी आधी जी आवृत्ती होती तीच निवडावी. आपले विंडोज अस्सल व डिजिटल परवान्याचे असेल तर तो परवाना मदरबोर्डाशी बांधलेला असतो, आणि इंटरनेट जोडताच ते आपोआप सक्रिय होते. विंडोज ११ साठी अधिकृतपणे इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे आडमार्गाने ते बसविण्याच्या भरीस पडू नये. मात्र विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या अपडेट्स, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, तेव्हा या यंत्रावर टायपिंग व छपाई करावी आणि गिऱ्हाइकांचे बँकेचे काम दुसरीकडे करावे.

नव्या मजकुरासाठी विंडोजमधलाच मराठी फोनेटिक कीबोर्ड सुरू करावा. मे २०१९ च्या अपडेटपासून तो विंडोज १० मध्येच आहे, कन्नडचाही आहे. त्यावर टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये असल्याने पुढच्या वेळी फॉन्ट शोधत बसावे लागणार नाही.

जुनी डिस्क एकदोन लग्नसराया तरी तशीच ठेवा. नंतर भंगारात किंवा कोणाला द्यायची झाली, तर मात्र नुसते क्विक फॉरमॅट पुरत नाही, कारण त्याने फक्त फाइलींची यादी पुसली जाते आणि अर्जांसोबत स्कॅन केलेली लोकांची आधार कार्डे साध्या रिकव्हरी प्रोग्रॅमने परत मिळू शकतात. विंडोजमधल्याच डिस्कपार्ट या डिस्क हाताळण्याच्या साधनातील 'क्लीन ऑल' ही आज्ञा संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिते. त्याला काही तास लागतात, आणि आज्ञा देण्यापूर्वी निवडलेल्या डिस्कचा क्रमांक दोनदा तपासावा.