फोटो खरा, ओळ खोटी

प्रश्न: मी ऐरोलीला राहते. धाकटा मुलगा अकरावीत आहे आणि कट्टर ‘रोहितवाला’, म्हणजे क्रिकेटपटू रोहित शर्माचा भक्त. इन्स्टाग्रामवर त्याचं फॅन पेज आहे, नऊशेच्या वर फॉलोअर. मागच्या महिन्यात त्याने ‘समोरच्या पार्टी’च्या लाडक्या खेळाडूचा मान खाली घालून बसलेला फोटो टाकला (नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखालच) आणि खाली लिहिलं, ‘काल रात्री हरल्यावर ढसाढसा रडला’. कोणीतरी तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आणला. तिसऱ्या मजल्यावरचे काका त्या खेळाडूचे भक्त. त्यांनी आमचे संस्कार काढले, तर मुलाने काकांच्याच डीपीचं मीम केलं. माझे मिस्टर आणि काका रोज सकाळी एकत्र फिरायला जायचे, आता लिफ्टमध्ये दोघं मोबाइलकडे बघत उभे राहतात. मुलाला विचारलं तर म्हणतो, ‘आई, फोटो खराच आहे.’ पेज बंद करायला लावू का? सोबत फोटोची प्रिंट जोडली आहे.

उत्तर: ताई, मुलगा खोटं बोलत नाहीये. फोटो खराच आहे, खोटी आहे ती खालची ओळ. आजकाल सगळे एआयच्या नावाने बोटं मोडतात, पण निम्म्याहून जास्त चावटपणाला कॉम्प्युटर लागतच नाही. चार वर्षांपूर्वीचा फोटो घ्यायचा आणि ‘काल’ लिहायचं, बस.

तुम्ही पाठवलेल्या प्रिंटमध्ये टी-शर्टच्या छातीवर बायजूज या प्रायोजक कंपनीचं नाव आहे. ते नाव भारतीय संघाच्या छातीवर आलं २०१९ मध्ये आणि गेलं २०२३ मध्ये. जुलै २०२३ पासून ड्रीम ११, ते २०२५ च्या ऑगस्टमध्ये उतरलं, मग अपोलो टायर्स. खांद्यावर आदिदासचे तीन पट्टे असतील तर फोटो जून २०२३ च्या आधीचा नाही. वर्ल्ड कपसारख्या आयसीसीच्या स्पर्धांत छातीवर नुसतं ‘इंडिया’ असतं, तिथे ही खूण चालत नाही. पण तुमच्या ‘काल रात्री’चा निकाल एका टी-शर्टवर लागला. हे मुलाला दाखवा. क्रिकेटवेड्या पोराला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे.

नौपाड्यात माझा स्टुडिओ होता, पंचवीस वर्षं. निगेटिव्हवर पेन्सिल चालवून मी किती जणांच्या सुरकुत्या काढल्या त्याची गणती नाही. एकदा कोपरीची एक बाई आली. नवरा मस्कतला, लग्नाचा वाढदिवस आलेला, जोडीचा फोटो हवा होता. नवऱ्याचा जुना फोटो आणि तिचा नवा, डार्करूममध्ये एकत्र छापून दिले. त्याच्यावर उजेड डावीकडून, तिच्यावर उजवीकडून, दोघांच्या नाकांच्या सावल्या एकमेकींकडे पाठ करून पडलेल्या. मला रात्री झोप लागेना. पुढे वीस वर्षांनी तिच्या मुलीच्या लग्नाला गेलो, तर फोटो हॉलमध्ये तसाच टांगलेला. कोणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. तिला नवरा शेजारी हवा होता, सावली कोण बघतंय!

तुमच्या मुलाला तो खेळाडू रडलेला हवा होता. म्हणून त्याने टी-शर्ट बघितला नाही. काकांनाही तो रडलेला नको होता, पण तेही फोटोकडे न बघता थेट संस्कारांवर घसरले. दोघांपैकी एकाने जरी गूगल लेन्सवर तो फोटो टाकला असता, तर आधी कुठे कुठे छापून आलाय ते मिनिटभरात दिसलं असतं. हल्ली सावल्याही मशीन बरोबर पाडतं, माझ्यासारख्याच्या नजरेवर भरवसा ठेवू नका. फोटो मूळचा कुठला, ते शोधा.

पेज बंद करायला लावू नका. आज बंद केलं तर उद्या दुसऱ्या नावाने काढेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. त्याला शेजारी बसवून एक गोष्ट सांगा. नोव्हेंबर २०२३ मध्ये रश्मिका मंदानाचा एक बनावट व्हिडिओ देशभर फिरला, दुसऱ्याच एका मुलीच्या अंगावर तिचा चेहरा चिकटवलेला. जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी आंध्रातून एका तरुणाला पकडलं. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे तो रश्मिकाचं फॅन पेज चालवायचा आणि फॉलोअर वाढावेत म्हणून त्याने ते केलं. शत्रूने नाही, फॅनने! नऊशेचे नऊ हजार करायची खाज कुठवर नेते ते त्याला त्याच्याच भाषेत कळेल.

दुसरी गोष्ट सांगताना आवाज चढवू नका. मार्च २०२४ मध्ये आयपीएलचा मुंबई-हैदराबाद सामना चालू असताना कोल्हापूरजवळच्या एका गावात रोहित बाद झाला म्हणून साठी ओलांडलेल्या एका चेन्नईप्रेमी गृहस्थांनी आनंद केला. दोघांनी त्यांना मारलं, त्यात ते गेले. एवढंच सांगा आणि उठून स्वयंपाकघरात जा.

मग दोन कामं त्याच्याकडून करून घ्या. फोटो नुसता डिलीट करून भागत नाही, पुढे गेलेल्या कॉपी फिरतच राहतात. त्याच पेजवर आणि सोसायटीच्या त्याच ग्रुपवर त्याने लिहायचं, ‘हा फोटो जुना आहे, तारीख मी खोटी टाकली.’ एवढी एकच ओळ, स्मायली नको. काकांच्या मीमची माफी मात्र ग्रुपवर नको, ती दारात उभं राहून मागायची. बरोबर मिस्टरांना पाठवा, तुम्ही जाऊ नका. तुम्ही गेलात तर काका लगेच विरघळतील आणि मुलाचं काम सोपं होईल.

प्रश्न: वडिलांचा १९७१ चा ब्लॅक अँड व्हाइट फोटो नातीने मोबाइलवर रंगीत केला. शर्ट निळा झालाय. ही पण फसवणूकच का? (कळवा)

उत्तर: फसवणूक कसली, हौस आहे. शर्ट खरोखर कुठल्या रंगाचा होता, ते आठवणारं कोणी घरात असेल तर आजच विचारून घ्या. मूळ फोटो फेकू नका. रंगीत प्रिंटच्या मागे ‘रंग नंतर भरले’ असं लिहून ठेवा, पेन्सिलने. शाई पुढे उमटते.