मालक सज्जन होते, मग शोषण कसलं?

प्रश्न : माझे वडील परळच्या एका गिरणीत मागखात्यात होते. बहिणीच्या लग्नाला त्यांनी उचल मागितली, तेव्हा मालकांनी एका शब्दात दिली. त्यांचा फोटो आजही आमच्या भिंतीवर आहे. मुलगा हल्ली अर्थशास्त्र शिकतो आणि जेवताना म्हणतो, ‘आजोबांचं शोषण झालं.’ मला हे ऐकवत नाही. भल्या माणसाशीही वैर धरायला लावणारा वर्गसंघर्ष काय कामाचा?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : भिंतीवरचा फोटो राहू द्या. तुमच्या वडिलांची कृतज्ञता खरी होती आणि मार्क्सचं तिच्याशी भांडण नाही. त्याच्या ‘भांडवल’ या ग्रंथाचा पहिला खंड १८६७ साली निघाला. त्याच्या प्रस्तावनेतच त्याने लिहून ठेवलं आहे की भांडवलदाराचा विचार इथे एका आर्थिक नात्याचा प्रतिनिधी म्हणून केलेला आहे, आणि ज्या व्यवस्थेने त्याला घडवलं तिची जबाबदारी त्या एकट्या माणसावर टाकता येत नाही. मालक चांगला की वाईट, हा प्रश्न त्याने असा पहिल्याच पानांवर बाजूला ठेवला.

आता तुमच्या मुलाची बाजू. शोषण म्हटलं की आपल्याला शिवीगाळ आणि बुडवलेला पगार आठवतो. मार्क्स म्हणतो, पगार ठरल्या तारखेला पै न्‌ पै चुकता झाला तरी शोषण होतंच. मालक विकत घेतो ती कामगाराची दिवसभर राबण्याची ताकद. तिची किंमत म्हणजे तो माणूस उद्या भोंग्याला पुन्हा हजर व्हावा यासाठी लागणारा खर्च: जेवण, खोलीचं भाडं, मुलाबाळांचं पोट. समजा, पाळी आठ तासांची आहे. कापूस, कोळसा, यंत्रांची झीज वजा केली, तर पहिल्या चार तासांच्या विणकामात तेवढी किंमत भरून निघाली. मग पाचव्या तासाला माग थांबतो का? पुढच्या चार तासांतून जे निघतं ते वरकड मूल्य. मालकाचा नफा, सावकाराचं व्याज, जमीनमालकाचं भाडं, एजंटाची दलाली, सगळ्यांची वाटणी त्यातूनच होते. तुमच्या बहिणीच्या लग्नाची उचलही तिथूनच आली, आणि बहुधा पुढच्या पगारांतून ती वळती करून घेतली गेली.

म्हणून झगडा माणसाच्या स्वभावाशी नसतो. पाळी किती लांब आणि पाळीत काम किती, यावर असतो. गिरण्यांत विजेचे दिवे आले तेव्हा सूर्य मावळल्यावरही यंत्रं चालवता येऊ लागली, आणि १९०५ साली याच वाढीव तासांवरून मुंबईत कामगारांचा असंतोष पेटला. त्याआधी १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना एकत्र आणून रविवारची सुट्टी मिळवली होती. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांचा दिवस १२ तासांवर आणला, १९२२ च्या कायद्याने ११, १९३४ च्या कायद्याने १०, आणि १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याची मर्यादा ४८ तासांची झाली. (सुरुवातीच्या कायद्यांमागे लँकेशायरच्या कारखानदारांचाही जोर होता. त्यांना मुंबईच्या स्वस्त कापडाची स्पर्धा खुपत होती.)

१९२२ च्या कायद्यानंतर तास वाढवता येईनात, तेव्हा मालकांनी कामाचा बोजा वाढवला. जपानी कापडाशी स्पर्धा करायची म्हणून विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, सूतखात्यात एका माणसाने यंत्राच्या दोन्ही बाजू बघाव्यात, असा बेत निघाला. १९२८ चा सार्वत्रिक संप त्यातून पेटला आणि एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. लाल बावट्याची, म्हणजे कम्युनिस्टांची, गिरणी कामगार युनियन त्याच संपात उभी राहिली. पुढच्या मार्चमध्ये कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे आणि इतर पुढाऱ्यांना, ब्रिटिश सरकारने भरलेल्या मीरत कटाच्या खटल्यात, अटक झाली. अशा वेळी तुमच्या वडिलांच्या मालकांसारखा सज्जन माणूस ‘माझ्या गिरणीत दोनच माग’ म्हणाला असता, तर शेजारच्या गिरणीचं कापड स्वस्त पडून त्याचीच गिरणी बसली असती. सज्जन माणसालाही तीन माग द्यायला लावणारी ही सक्ती, हाच खरा वादाचा विषय आहे. मुलाला हे सांगा.

आणि एक गोष्ट तुम्हा दोघांनाही सांगायची आहे. माझी आई लालबागला खानावळ चालवायची. आमच्याकडे जेवायला येणारे गडी बहुतेक कोकणातले, बायकामुलं गावी ठेवून आलेले. त्यांच्या मनिऑर्डरीबद्दल सगळे बोलतात. गावाहून येणारे तांदूळ, कुळीथ, सुकट मात्र कुणी हिशेबात धरत नाही. गावी बायको शेत कसून स्वतःचं आणि पोरांचं पोट भरत होती, म्हणून मुंबईत पगार एकट्याच्या पोटापुरता ठेवून भागत होतं. इथे पहाटे चारला उठून माझी आई पोळ्या लाटत होती, म्हणून पहिल्या पाळीचा माणूस वेळेवर आत जात होता. गिरणीच्या नफ्यात या दोघींची मेहनत होती आणि हजेरीपटावर नाव एकीचंही नव्हतं. कम्युनिस्ट चळवळीतून आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून खानावळवाल्या बायकांना संघटित केलं. माझ्या मते गिरणगावातल्या वर्गसंघर्षाचं ते फार मोठं पाऊल होतं, आणि त्याला मिळायला हवा तेवढा मान अजून मिळालेला नाही.

प्रश्न : ‘कामगार तेवढा एक’ असं लाल बावटा सांगायचा. मग जातीचं काय?
– एक वाचक, डिलाईल रोड

उत्तर : एक नव्हतेच. पगार मागखात्यात जास्त, आणि तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धोट्यातलं (मागावर आडवं सूत नेणाऱ्या लाकडी साधनातलं) सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि त्यांच्या तोंडचा धोटा सवर्ण विणकरांना चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांचीच विभागणी आहे, हे त्यांनी १९३६ मध्ये लिहिलं. क्रांती झाली की जात आपोआप जाईल म्हणून थांबणं ही कम्युनिस्टांची गंभीर चूक होती, असं मी मानते. तरीही ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले. तो दिवस मुलांना शाळेत शिकवायला हवा.

प्रश्न : मी बाइकवरून घरपोच जेवण पोचवतो. कंपनी म्हणते, तू कामगार नाहीस, भागीदार आहेस. बाइक माझी, वेळ माझी. मग माझा वर्ग कोणता?
– एक तरुण वाचक, मालाड

उत्तर : बाइक तुमची, पण ऑर्डर कुणाला द्यायची आणि फेरीचा दर किती, हे ठरवणारं ॲप कुणाचं? नगावर मिळणाऱ्या मजुरीवर मार्क्सने ‘भांडवल’मध्ये वेगळं प्रकरण लिहिलं आहे. या पद्धतीत कामगार स्वतःच स्वतःला पळवतो, वर मुकादम उभा करावा लागत नाही. मुंबईच्या विणकरालाही विणलेल्या कापडावरच पैसे मिळायचे. सूत वाईट निघालं, माग बंद पडला, तर तो वेळ त्याच्या खिशातून जायचा, आणि खराब कापड त्याच्याच गळ्यात मारून पैसे कापले जायचे. हॉटेलच्या दारात ताटकळण्याचे तुम्हाला पैसे मिळतात का? रद्द झालेल्या ऑर्डरचा भुर्दंड कोण भरतं?

एक महिना वहीत लिहा: ॲप चालू केल्यापासून बंद करेपर्यंतचे सगळे तास, पेट्रोल, सर्व्हिसिंग, बाइकचा हप्ता, मोबाइलचा रिचार्ज. मिळालेल्या रकमेतून खर्च वजा करा आणि तासांनी भागा. तुमच्या नाक्यावरच्या आणखी चार-पाच जणांना हेच करायला सांगा, आणि सगळ्यांचे आकडे मला पाठवा. पुढच्या अंकात आपण ते मांडून बघू.