बर्फ वितळतो, आणि 'घन'बद्दल थोडं

प्रश्न असा आहे: बर्फ हा स्थायू 'विरघळतो' की 'वितळतो'? आणि कपाटातली डांबरगोळी हळूहळू नाहीशी होते, त्या क्रियेला काय म्हणायचं?

बर्फ वितळतो. 'हिमनद्या विरघळू लागल्या' हे बातम्यांत ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. विरघळायला दुसरं कुणीतरी लागतं. मीठ पाण्यात विरघळतं म्हणजे मिठाचे कण सुटे होऊन पाण्याच्या कणांमध्ये शिरतात. पाणी आटवा, ताटलीच्या कडेला पांढरी खरखरीत कड उरतेच. वितळायला फक्त ऊब पुरते. कण तेच असतात, त्यांची एकमेकांवरची पकड तेवढी ढिली होते. मीठही वितळतं, पण ८०१ अंश सेल्सिअसला. तेव्हा 'मीठ पाण्यात वितळलं' म्हणणाऱ्याने आधी आपली भट्टी दाखवावी. बोलीत दोन्ही चालतं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. बोलीत पुष्कळ काही चालतं.

पण प्रश्नात तुम्ही बर्फाला 'स्थायू' म्हटलं आहे, आणि माझी ठेच तिथे आहे. पाठ्यपुस्तकांनी रुजवलेला हा शब्द मला कधीच पटला नाही. वा म्हणजे वाहणे, त्यावरून वायू. उणादिसूत्रांतलं (धातूंपासून शब्द कसे होतात ते सांगणाऱ्या जुन्या संस्कृत सूत्रांतलं) पहिलंच सूत्र हे रूप देतं: वायू, साधू, स्वादू वगैरे. त्या सूत्रात आठ धातू, म्हणजे क्रियापदांची मुळं, आहेत; स्था (उभे राहणे) त्यांत नाही. स्थापासून संस्कृतात स्थाणु आहे, स्थायिन् आहे. माझा तर्क असा की 'वायू'ला यमक हवं म्हणून कुणीतरी 'स्थायू' जुळवला. वर अर्थही दिशाभूल करणारा. 'स्थायू' वाचून मुलं लिहितात, 'कण स्थिर असतात.' कुठले स्थिर? जागा सोडत नाहीत एवढंच, चुळबुळ अखंड चालू असते.

त्यापेक्षा 'घन' घ्या. हा शब्द हन् धातूचा, म्हणजे मारणे, ठोकणे. पाणिनीने त्याच्यासाठी खास सूत्र केलं आहे, 'मूर्तौ घनः' (अष्टाध्यायी ३.३.७७). काशिका या पाणिनीवरच्या जुन्या टीकेत त्यावर उदाहरणं आहेत अभ्रघन आणि दधिघन; दाटून आलेला ढग आणि घट्ट लागलेलं दही! आणि थोडं पुढे, ३.३.८२ मध्ये, त्याच हन्-पासून अयोघन होतो, म्हणजे लोखंडी हातोडा. आपल्या लोहाराचा घण तो हाच. ठोकणारा घण आणि ठोकून घट्ट झालेला घन, दोघेही एका धातूचे. (धातू इथे व्याकरणातला. लोहाराचा घेतलात तरी माझी हरकत नाही.)

परिभाषावाले म्हणतात, 'घन' नको, तो गणितात तिसऱ्या घाताला दिलेला आहे, मुलांचा गोंधळ होईल. अहो, वर्गात बसून वर्गमूळ काढणाऱ्या मुलाचा आजवर कधी गोंधळ झाला?

खरी अडचण बर्फच करतो. पाणी गोठलं की त्याचे रेणू षटकोनी, पोकळ जाळीत बसतात, आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं आणि घनता घन सेंटिमीटरला ०.९१७ ग्रॅमवर येते. म्हणून बर्फ तरंगतो. म्हणजे जो 'घन' तोच आपल्या द्रवापेक्षा विरळ! या मुद्द्यावर मला एकदा चांगलंच गप्प बसवलं गेलं होतं. मग काशिका पुन्हा उघडली. तिथे त्या सूत्रातल्या मूर्तीचा अर्थ काठिन्य असा दिला आहे, दाटपणाचं नाव नाही. बर्फ कठीण आहे की नाही? मग तो घनच. 'घनता' हा शब्द दाटपणासाठी आपण नंतर वापरला, त्याचा भार पाणिनीवर का टाकायचा?

'द्रव' द्रु म्हणजे धावणे यावरून आला. द्रुत लय त्यातलीच, आणि अंगावर धावून येतो तो उपद्रवही. त्यावर लिहायला बसलो तर रात्र होईल.

हां, डांबरगोळी. ती वितळत नाही, विरघळतही नाही. उडते. पुस्तकात याला संप्लवन म्हणतात. वरच्या थरातले कण सुटतात ते थेट वायूच होतात, मध्ये द्रवाचा मुक्काम नाही. 'गोळ्या उडून गेल्या' असं घरोघरी म्हणतातच, ते अगदी बरोबर आहे.