दोन वर्षांनी तोडायचंच आहे, तर स्वयंपाकघरावर आत्ता कुठे आणि किती खर्च करावा?

तुम्ही लिहिलंय की बोरिवलीचं तुमचं स्वयंपाकघर तीस वर्षांचं झालंय, पूर्ण काम दोन-अडीच वर्षांनी काढणार आहात, सध्या दहा हजारांच्या वर खर्च करायचा नाही, आणि सकाळी ओट्याशी उभं राहिलं की मन खट्टू होतं. हे शेवटचं वाचलं आणि लगेच लिहायला बसले. मुलुंडला आमच्या घरात मी अशा ओट्याशी तीन वर्षं काढली आहेत.

आम्ही तेव्हा घरात एकच गोष्ट ठरवली होती. जे भिंतीत किंवा ओट्यात कायमचं जाणार, त्यावर एक रुपयाही घालायचा नाही. जे स्क्रू काढून सोबत नेता येईल, त्यावर हात आखडायचा नाही. म्हणजे टाइल्सवर टाइल्स नको, कडप्प्यावर ग्रॅनाइट नको, मापाच्या नवीन ट्रॉल्या तर मुळीच नको. ओटा बदलला की त्यांची मापं चुकतात आणि त्या भंगारात जातात.

पहिले दोन शनिवार-रविवार नुसत्या धुण्याला द्या. फोडणीच्या तेलाची वाफ वर्षानुवर्षं बसून चिकट थर होतो, त्यावर धूळ बसते, आणि आपल्याला जे ‘जुनं’ दिसतं ते बरंचसं म्हणजे हा थरच असतो. बाजारातली महागडी द्रावणं आणू नका. वाण्याकडे धुण्याचा सोडा मिळतो, तो लिटरभर कढत पाण्यात दोन-तीन चमचे टाका, जुनं सुती फडकं त्यात भिजवून टाइल्सवर दहा-पंधरा मिनिटं चिकटवून ठेवा, मग घासणीने घासा. सोडा आणि तेल मिळून साबणासारखं होतं, म्हणून ते पाण्याने सुटतं. रबरी हातमोजे मात्र घाला. ॲल्युमिनियमला हा सोडा लावू नका, ते काळं पडतं.

ओटा कडप्प्याचा असेल तर आणखी एक जपा. कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे, त्याला आम्ल चालत नाही. लिंबू, व्हिनेगरही नको. आमच्याकडे कामाला आलेल्या एकाने सिंकजवळ फरशीचं ॲसिड ओतलं आणि तिथे पांढरट, खरखरीत डाग पडला तो शेवटपर्यंत गेला नाही. साध्या साबणाने धुवा, कोरडा करा आणि खोबरेल तेलाचा अगदी हलका हात फिरवा. काळा रंग परत खुलतो. काही आठवड्यांनी पुन्हा लावावं लागतं, एवढंच.

टाइल्सच्या सांध्यांतली काळी रेघ टोकदार काहीतरी घेऊन खरवडा आणि व्हाइट सिमेंट भरा. दोन वर्षांसाठी इपॉक्सीचा, म्हणजे सांधे भरायच्या महागड्या मिश्रणाचा, खर्च करू नका. हे काम घरी एका दुपारी होतं, आणि सगळ्या भिंतीचा चेहरा बदलतो. ओटा आणि भिंत जिथे मिळतात तिथली फट सिलिकॉनने बंद करा, झुरळांची निम्मी ये-जा तिथूनच असते.

आता उजेड. माझ्या मते तुमच्या दहा हजारांतला सर्वांत सार्थकी लागणारा पैसा हा आहे. जुन्या घरांत ट्यूब खोलीच्या मधोमध किंवा आपल्या पाठीमागे असते, त्यामुळे आपलीच सावली विळीवर पडते. वरच्या कपाटाखाली दोन बारीक एलईडी बॅटन, म्हणजे पट्टीसारखे दिवे, लावा, प्लगवर चालणारे, म्हणजे भिंत फोडायला नको. लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, गेलात तर एका गल्लीत सगळे प्रकार बघायला मिळतात. दुकानदाराला ४००० केल्विनचे मागा, केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप. ६५०० चा उजेड निळसर पडतो, त्यात भाजी शिळी दिसते. वायर सिंकच्या आणि गॅसच्या वरून नेऊ नका. आमच्याकडे हे दिवे लागले त्या संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, “आता तांदूळ निवडायला बाहेर बसायला नको.”

कपाटांची दारं लोंबत असतील तर बहुतेक वेळा बिजागरी ढिली झालेली असते, दार नव्हे. हँडल बदलायची असतील तर आधी जुन्याच्या दोन स्क्रूंमधलं अंतर मोजा, साधारण ९६ किंवा १२८ मिलिमीटर निघेल. त्याच मापाची आणलीत की नवीन भोकं पडत नाहीत, आणि पुढे ती नव्या दारांनाही चालतात. सनमायकाची सुटलेली कड रबर बेस फेविकॉलने चिकटते.

सिंकखालचं प्लायवूड फुगलं असेल तर ते दुरुस्त होत नाही. आधी गळती शोधा, नळाचा वॉशर आणि वेस्ट पाइप बदला. मग ती कुजलेली दारं काढूनच टाका आणि तारेवर जाड सुती पडदा लावा. वारा खेळतो, कुबट वास जातो. पडदा फक्त सिंकखाली, गॅसजवळ नको.

रंगकाम पावसाळ्यात काढू नका, मुंबईच्या दमट हवेत ते लवकर सुकत नाही. दिवाळीनंतर काढा. शेगडीमागे शोभेचे स्टिकर लावायचा मोह आवरा. मी लावले होते, उष्णतेने कडा उचलल्या आणि त्यात तेल शिरलं. त्यापेक्षा स्टेनलेस स्टीलची भिंतीवरची मांडणी घ्या. ओट्यावरचे डबे, ताटं वर गेली की ओटा रिकामा होतो आणि अर्धी उदासी तिथेच जाते. आमची मांडणी नव्या स्वयंपाकघरातही त्याच कामाला आहे.

गॅसच्या नळीवरची तारीख आजच बघा. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. घरात पाइपचा गॅस असेल तर त्याची लाइन स्वतः किंवा ओळखीच्या प्लंबरकडून हलवू नका.

एक छोटी वही फ्रिजवर अडकवून ठेवा आणि जे जे खुपतं ते त्याच दिवशी लिहा. मिक्सरला प्लग लांब पडतो, कुकर उतरवायला जागा नाही, असं सगळं. माझ्या वहीत सर्वांत जास्त वेळा ‘पाठ’ हा शब्द होता. म्हणून नव्या ओट्याची उंची ठरवायला एक दिवस कोपर काटकोनात वाकवून जमिनीपासून मोजलं, त्यातून चार इंच वजा केले, तर उत्तर आलं ३४ इंच. आमचा जुना ओटा ३० इंचांचा होता.