हलालखोर टॅक्स: हा कर कसला?

घराण्याचा इतिहास लिहिण्यासाठी गिरगावातल्या जुन्या घराचे कागद चाळताना एका वाचकाला १९५१ सालचं मुंबई महापालिकेचं कराचं बिल मिळालं. त्यात जनरल टॅक्स, वॉटर टॅक्स आणि त्यांच्याखाली 'हलालखोर टॅक्स' अशी ओळ आहे. ते विचारतात, "हा खाटकांवरचा कर होता का? आमच्या इमारतीत तर खाटकाचं दुकान कधीच नव्हतं. की हरामखोरसारखी ही शिवी आहे?" शिवाय त्यांचे काका इमारतीमागच्या बोळाला 'घरगल्ली' म्हणतात, तो शब्द कुठून आला, हेही त्यांना हवंय.

खाटकाशी संबंध नाही आणि शिवीही नाही. हलालखोर म्हणजे संडासातला मैला उचलून नेणारा कामगार. त्या कामाच्या खर्चासाठी घरमालकाकडून घेतला जाई तो हलालखोर कर. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात तो याच नावाने होता.

आपल्या कानाला हा शब्द खटकतो तो त्यातल्या 'खोर'मुळे. भांडखोर, चहाडखोर, लाचखोर, नफेखोर, दंगेखोर: मराठीत 'खोर' शेपटीला लागला की माणूस बिघडलेलाच समजायचा. थट्टेखोरासारखा एखादाच त्यातून सुटतो. फारसीत मात्र 'खोर' म्हणजे नुसता खाणारा. हलाल म्हणजे धर्माला मान्य असलेलं, म्हणून हलालखोर म्हणजे रास्त तेच खाणारा, हक्काची भाकरी खाणारा. निमकहराम आणि निमकहलाल ही जोडी आपल्याला ओळखीची आहे. हरामखोराची जोडी मात्र फुटली. हरामखोर मराठीत घरोघरी पोचला आणि हलालखोर पालिकेच्या बिलातच राहिला.

मग हा गौरवाचा शब्द मैला उचलणाऱ्यालाच का चिकटला? 'आइन-ए-अकबरी'त अबुल फजल सांगतो की झाडूवाल्यांसाठी हे नाव अकबर बादशहाने रूढ केलं. ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर करणाऱ्या ब्लॉकमनला मात्र हा शब्द अकबराचाच असल्याची खात्री वाटत नाही. त्याच्या मते 'हरामखोर' म्हणायचं टाळून उलटा शब्द वापरण्याची ही तऱ्हा आहे. मला ब्लॉकमनचं पटतं. दिवा विझला न म्हणता 'दिवा वाढवला' म्हणायचं, तसलाच प्रकार. फरक इतकाच की दिव्याला आपण मान देत असतो.

'मेहतर'चंही तेच झालं. फारसीत मेहतर म्हणजे अधिक मोठा, वडीलधारा, सरदार. चित्रळ संस्थानचा राजा स्वतःला मेहतरच म्हणवून घेई. आणि आपल्याकडे हाच शब्द मैल्याची टोपली उचलणाऱ्याला. जागेच्या नावातही हा लपंडाव आहे. पेशवाईच्या काळच्या मराठीत संडासाला 'शेतखाना' म्हणत. पुष्कळांना वाटतं की शेतात जायचं म्हणून शेतखाना. पण तो मुळात सेहतखाना, म्हणजे आरोग्याचं घर! पुढे शेतखाना गेला, शौचकूप आलं, मग स्वच्छतागृह आणि प्रसाधनगृह. वास तोच राहतो, म्हणून दर पिढीला पाटी बदलावी लागते.

आता बिलाकडे येऊ. वाचक लिहितात की १९५१ मध्ये त्यांच्या इमारतीत साखळी ओढायचे फ्लशचे संडास होते, मग हलालखोराचे पैसे कशाला? कायद्यात हा कर दोन प्रकारच्या जागांवर होता. एक, जिथला मैला उचलण्याचं काम पालिकेने आपल्याकडे घेतल्याचं जाहीर केलंय अशा भागातली जागा. दुसरी, जिथला संडास, मुतारी किंवा मैल्याची टाकी पालिकेच्या गटाराला जोडलेली आहे अशी जागा. म्हणजे टोपली असो वा नळ, घाण पालिकाच नेणार आणि कर बसणार. तुमची इमारत दुसऱ्या प्रकारातली. टोपली गेली तरी बिलावरचं नाव तेच राहिलं. पुढे कितीतरी वर्षांनी त्या जागी मलनिःसारण कर आला.

एक गोष्ट मला या बिलात फार बोलकी वाटते. पाण्याचा कर पाण्याच्या नावाने आहे, तिसरा मात्र माणसाच्या नावाने. मैल्याचा कर म्हणायची लाज वाटली, म्हणून तो उचलणाऱ्याचं नाव दिलं. पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याच्या नावाने पाणीपट्टी कधी कोणी आकारली नाही.

घरगल्लीचा धागा इथेच जुळतो. जुन्या मुंबईत पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या इमारतींमध्ये एक अरुंद, फरसबंद पट्टी सोडलेली असे. संडास मागच्या भिंतीला, एकावर एक. खाली तळाशी टोपली. हलालखोर या पट्टीतून येई, खालच्या दारातून टोपली ओढून मोठ्या पाटीत रिकामी करी आणि पाटी डोक्यावर घेऊन मैल्याच्या गाडीपर्यंत नेई. पट्टीतून सांडपाण्याची मोरीही वाही. त्याच १८८८ च्या कायद्यात 'हाऊस गल्ली'ची व्याख्या आहे: सांडपाणी वाहून नेण्यासाठी, किंवा संडास साफ करणाऱ्यांना तिथवर जाता यावं म्हणून राखलेली वाट. गल्ली आपलीच. इंग्रजांनी तिला हाऊस जोडलं आणि आपण त्या हाऊसचं पुन्हा घर केलं. पण नावात घर असलं तरी घरातल्या कोणी तिथे पाऊल टाकायचं नाही, अशीच ती वाट होती. वरच्या मजल्यांवर जाण्यासाठी पुष्कळ इमारतींना मागे लोखंडी गोल जिना असे तोही हलालखोरासाठीच. पुढच्या जिन्यावर त्याची सावली नको. आज त्या जिन्याचे फोटो 'जुनी मुंबई' म्हणून हौसेने काढतात.

तुमच्या बिलाच्या सुमारास या कामाची चौकशी चालू होती, हेही सांगायला हवं. सफाई कामगारांच्या राहणीमानाची पाहणी करायला मुंबई सरकारने १९४९ मध्ये बर्वे समिती नेमली आणि १९५२ मध्ये तिचा अहवाल आला. डोक्यावरून मैला वाहणं बंद करून ढकलगाड्या द्याव्यात, ही त्यानंतरच्या काळात वारंवार निघालेली गोष्ट. हाताने मैला उचलायला लावण्याविरुद्ध देशाचा कायदा यायला १९९३ उजाडलं.

घराण्याचा इतिहास लिहिताना 'हलालखोर कर' तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ द्या. मलनिःसारण कर असं थेट भाषांतर केलंत तर शब्दातला माणूस गळून जाईल. आणि काकांची घरगल्लीही राहू द्या. आमच्या चाळीत चेंडू घरगल्लीत गेला की डाव तिथेच संपायचा. चेंडू सगळ्यांना दिसत असायचा, पण खाली उतरून तो आणायला कोणी जात नसे. दुसऱ्या दिवशी झाडायला येणारा माणूस तो धुऊन जिन्याच्या पायरीवर ठेवून जाई. त्याचं नाव आम्ही कधी विचारलं नाही.