एकच पोटरी का भरून येते?

प्रश्न : मी रोज ५ किलोमीटर भरभर चालतो आणि आठवड्यातून दोनदा तेवढंच अंतर पळतो. पळण्याच्या दुसऱ्या दिवशी उजवी पोटरी आतल्या बाजूनं भरून येते, जिना उतरताना तर फारच. डाव्या पायाला मात्र काही नाही. जाता-येता दोन्ही वेळा रस्त्याची डावी कड धरतो. तीन वर्षांपूर्वी उजवा घोटा मुरगळला होता. एक पाय आखूड असेल का? बुटात टाचेखाली गादी घालू का?

उत्तर : गादी आत्ताच घालू नका. दोन्ही पायांच्या लांबीत काही मिलिमीटरचा फरक पुष्कळांना असतो आणि शरीर तो सांभाळून घेतं. न मोजता एका टाचेला उंची दिली, तर पोटरीचं दुखणं खुब्यात किंवा कमरेत जाऊ शकतं. शिवाय तुमच्या प्रश्नातच याहून सबळ दोन कारणं आहेत.

पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता ठेवतात. डावी कड धरली की उजवं पाऊल कायम चढाच्या बाजूला पडतं आणि आत कलंडतं. ते सावरताना पोटरीचा आतला भाग जास्त राबतो, आणि ५ किलोमीटर पळताना हे दोन-अडीच हजार वेळा घडतं. येताना पुन्हा डावीच कड, म्हणजे उजव्या पायाची सुटका नाही. दोन आठवडे सपाट जागेवर पळून पाहा. मैदानात फेऱ्या मारत असाल तर निम्म्या उलट दिशेनं मारा.

आता घोटा. अनवाणी भिंतीसमोर उभे राहा. टाच जमिनीवर टेकलेली ठेवून गुडघा भिंतीला लावा. अंगठा थोडा थोडा मागे सरकवत जा आणि टाच उचलू न देता गुडघा जेमतेम टेकतो तिथं थांबा. अंगठा ते भिंत हे अंतर पट्टीनं मोजा. दोन पायांत २ सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर मुरगळलेला घोटा अजून आखडलेलाच आहे असं समजा. असा घोटा पुरेसा वाकत नाही, टाच लवकर उचलली जाते आणि भार पोटरीवर येतो. हीच चाचणी मग व्यायाम म्हणून रोज १० वेळा करा.

ताकदही तपासा, पण पोटरी दुखत नसेल त्या दिवशी. भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभे राहा आणि गुडघा सरळ ठेवून टाच पूर्ण वर उचला. उंची निम्मी होईपर्यंत मोजा. दोन-तीनचा फरक सोडून द्या. उजवीकडे पाच-सहा कमी भरले तर एक दिवसाआड १०-१२ च्या तीन फेऱ्या करा. सुरुवात उजव्या पायानं करा आणि डाव्यालाही तेवढ्याच द्या, जास्त नाही. टाच खाली आणताना मनात तीन आकडे मोजा. स्नायू ताणला जात असताना भार पेलण्याची सवय त्याला इथंच लागते. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे जातात.

प्रश्न : पोटरी भरलेली असताना पळावं का?

उत्तर : स्नायू भरून आल्याचं दुखणं साधारण १२ ते २४ तासांनी सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि आठवड्याच्या आत ओसरतं. दहा मिनिटं चालल्यावर पाय मोकळा होत असेल तर चाला. लंगडत असाल तर पळू नका, कारण लंगडताना दुसऱ्या पायावर जादा भार येतो.

मात्र एकच पोटरी सुजली, गरम किंवा लालसर झाली, तर चोळू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट रुग्णालय गाठा. नडगीच्या हाडावर बोटानं दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल आणि पळताना ते दुखणं वाढतच जात असेल, तर हाडाला बारीक चीर असण्याचा संभव आहे. पळणं थांबवा आणि तपासून घ्या.